पाच फूट आठ इंचांचा हिशेब

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. उन्हाळी सराव शिबिराला प्रत्येक संघ ९० खेळाडू बोलावतो आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यातले ५३ ठेवतो. गुणाकार पाचवीच्या मुलाला जमेल असा आहे. २,८८० येतात, १,६९६ राहतात, ऑगस्ट संपता संपता १,१८४ जणांच्या हातात सामानाची पिशवी असते. त्यातल्या काहींना सराव पथकात जागा मिळते, बाकीचे घरी जातात. ज्याला काढायचं ठरलं त्याला बोलवायला जो माणूस येतो, त्याला तिथल्या खेळाडूंच्या बोलीत 'तुर्क' म्हणतात. तो दारात आला आणि प्लेबुक घेऊन कोचकडे चल म्हणाला की समजायचं, संपलं. तुर्कांनी या खेळाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. पण जगात कुठेही तलवार चालली की नाव त्यांचंच.

या १,१८४ जणांमध्ये दरवर्षी काही बुटके कॉर्नरबॅक असतात. आणि दरवर्षी त्यांच्याबद्दल एकच वाक्य फिरत असतं : उंचीत काय आहे, काळीज मोठं पाहिजे. मला हे वाक्य आवडत नाही. ऐकायला गोड आहे, पण खोटं आहे, आणि ज्या पोराला आपण ते ऐकवतो त्याचं त्यात नुकसान आहे. उंचीत पुष्कळ काही आहे. किती आहे, कुठे आहे आणि कुठे नाही, हे नीट समजून घेतलं तरच त्या पोराच्या संधीबद्दल काही अर्थपूर्ण बोलता येईल.

मी उर्दू-मराठी शिकवणारी बाई. या खेळाशी माझा संबंध न्यू जर्सीतल्या भाच्यामुळे आला. "खाला, हे बघा" म्हणत त्याने पाठवलेल्या चित्रफिती बघता बघता मला त्यातला सगळ्यात एकाकी माणूस आवडायला लागला. तो म्हणजे कॉर्नरबॅक. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, धावत जाऊन तो झेलणारा रिसीव्हर, आणि त्या रिसीव्हरला झेलू न देणारा कॉर्नरबॅक. रिसीव्हरला ठाऊक असतं आपण कुठे वळणार. कॉर्नरबॅकला ठाऊक नसतं. रिसीव्हर पुढे तोंड करून पळतो, हा बऱ्याचदा उलट्या पावलांनी. दहा वेळा बरोबर ठरला तर कॅमेरा त्याच्याकडे वळतसुद्धा नाही. एकदा चुकला की मैदानभर पसरलेल्या ७० हजार लोकांना कळतं कोण चुकलं ते.

आता उंचीचं. २०१२ च्या हंगामात डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने १,९६४ यार्ड मिळवून विक्रम केला. त्याची उंची ६ फूट ५ इंच. समोर ५ फूट ८ इंचांचा कॉर्नरबॅक उभा केला तर नऊ इंचांचा फरक. वर हातांची लांबी आणि उडी वेगळीच. क्वार्टरबॅकने चेंडू मुद्दाम उंच टाकला तर खालच्या माणसाचं वय, मेहनत, जिगर यातलं काहीही त्या नऊ इंचांना पुरत नाही. गोल रेषेजवळ तर पळायला जागाच कमी असते, त्यामुळे वेगाचा फायदाही गळून पडतो. उरते फक्त उंची. म्हणून कोच जेव्हा म्हणतो की मला उंच कॉर्नर हवेत, तेव्हा तो मूर्खपणा करत नसतो. (आमच्या शाळेत ५ फूट ८ इंचांचा मुलगा प्रार्थनेला सगळ्यात मागच्या रांगेत उभा राहतो. तिथे तो बुटका ठरतो. मोजपट्टी तीच, रांग वेगळी.)

मी ज्याचं उदाहरण घेणार आहे तो निकेल रोबी. नंतर त्याने आडनाव रोबी-कोलमन असं केलं. फ्लोरिडातल्या फ्रॉस्टप्रूफ या गावचा. संत्र्या-लिंबांच्या बागांचं गाव. इथे दहिवर पडत नाही अशी जाहिरातच त्या नावात आहे. उंची ५ फूट ८ इंच, वजन ७५ किलोच्या आसपास. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघात पहिल्या वर्षापासून खेळला. २०११ साली स्टॅनफर्डच्या अँड्र्यू लकचा चेंडू मध्येच पकडून ३३ यार्ड पळत जाऊन त्याने टचडाउन केला होता. हा लक म्हणजे पुढच्याच वर्षी देशभरातून पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला क्वार्टरबॅक. थोडक्यात, रोबीने आपलं काम सर्वोत्तम माणसासमोर करून दाखवलं होतं, आणि त्याची चित्रफीत सगळ्या ३२ संघांकडे होती.

तीन वर्षं खेळून, शेवटचं वर्ष शिल्लक असताना तो २०१३ च्या ड्राफ्टमध्ये उतरला. त्या वर्षी सात फेऱ्यांमध्ये २५४ खेळाडू निवडले गेले. रोबीचं नाव एकदाही पुकारलं गेलं नाही.

का? मला वाटतं याचं उत्तर मैदानात जितकं आहे, तितकंच निवड करणाऱ्याच्या खुर्चीत आहे. ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला खेळाडूंची मोजणी होते. उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी, उभी उडी, ४० यार्डांची धाव. सगळं कागदावर येतं. समजा एखाद्या निवडकर्त्याने ६ फूट १ इंचाचा कॉर्नर निवडला आणि तो फसला, तर कोणी त्याची गचांडी धरत नाही. अंगपिंड चांगलं होतं, पोरानेच चीज केलं नाही, म्हणून विषय मिटतो. पण ५ फूट ८ इंचांचा निवडला आणि तो फसला, तर मालक विचारणार : डोळे फुटले होते का? दिसत नव्हतं का? आकडा समोर होता. म्हणजे मोजपट्टी जितकी खेळाडूला मोजते, त्याहून जास्त ती मोजणाऱ्याला वाचवते. हा अनुभव फक्त फुटबॉलचा आहे असं मी म्हणणार नाही. बीएडला आम्हाला मूल्यमापनाचा अख्खा पेपर होता. त्यात मोजणाऱ्याच्या भीतीवर एक ओळ नव्हती.

त्यात २०१३ हे साल बुटक्यांसाठी विशेष वाईट. सिअ‍ॅटलमध्ये पीट कॅरोलने उंच, लांब हातांच्या कॉर्नरबॅकची फळी उभी केली होती. रिचर्ड शर्मन ६ फूट ३ इंच, ब्रँडन ब्राउनर ६ फूट ४ इंच. तो हंगाम संपताना, फेब्रुवारी २०१४ मध्ये, सिअ‍ॅटलने डेन्व्हरला ४३-८ असं चिरडून सुपर बोल जिंकला आणि सगळ्या लीगला उंच कॉर्नरची हाव सुटली. गंमत बघा, शर्मन स्वतः पाचव्या फेरीपर्यंत कोणाला नको होता. त्याच्याकडून लोकांनी नेमकी उंची तेवढी उचलली. उशिरा निवडलेल्या माणसाकडेही नीट बघावं, हा धडा कुणी घेतला नाही.

तरीही रोबी टिकला. बफेलो बिल्सने त्याला ड्राफ्टबाहेरून करारबद्ध केलं, त्या ५३ जणांत ठेवलं, आणि पहिल्याच हंगामात तो सगळे १६ सामने खेळला. फ्रॉस्टप्रूफचा मुलगा थेट बफेलोच्या बर्फात. ऑक्टोबरमध्ये मायामीविरुद्ध चेंडू अडवून त्याने टचडाउनही केला.

इथेच बहुतेक लेखक "जिद्दीचा विजय" असं लिहून मोकळे होतात. मला त्याच्या जिद्दीबद्दल शंका नाही. पण त्या शिबिरातल्या नव्वदही जणांकडे जिद्द होती. मग रोबीकडे वेगळं काय होतं?

पहिली गोष्ट म्हणजे, त्याच्या मापाची जागा तयार झाली होती. पूर्वी संघ दोन रिसीव्हर घेऊन खेळत, त्यांना दोन कॉर्नर पुरत. १९७८ मध्ये नियम बदलला. पहिल्या पाच यार्डांनंतर रिसीव्हरला धक्काबुक्की करायला बंदी आली. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट, ६ फूट ३ इंचांचा, रिसीव्हरला अक्षरशः दाबून ठेवायचा. त्याच्यामुळेच हा नियम आला असं मानतात आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. पुढे फेकीचा खेळ वाढत गेला, तिसरा रिसीव्हर नेहमीचा झाला, आणि तो उभा राहायला लागला आतल्या बाजूला. त्याच्यासमोर तिसरा कॉर्नर लागतो, म्हणजे मागच्या फळीत एकूण पाच जण. अमेरिकेत पाच सेंटच्या नाण्याला निकेल म्हणतात, त्यावरून या रचनेचं नाव निकेल. आमच्या या मुलाचं नावही निकेल. इत्तेफाक म्हणायचा, दुसरं काय.

आतल्या जागेचं गणित वेगळं आहे. बाहेरच्या कॉर्नरला सीमारेषेचा आधार असतो, एक बाजू आपोआप बंद. आत दोन्ही बाजू मोकळ्या. रिसीव्हर कुठेही वळू शकतो, आणि जो लवकर कंबर फिरवेल, लहान पावलं टाकेल तो टिकतो. लांब पायांच्या माणसाला वळायला जागा लागते. छोट्याला लागत नाही. इथे त्याचं बुटकेपण पुरतं माफ होतं असं नव्हे, पण त्याची किंमत कमी होते. त्या वर्षी बफेलोच्या बचावाची सूत्रं माइक पेटीनकडे होती, आणि मागच्या फळीत जास्त माणसं उतरवून नाना तऱ्हेने खेळवणं ही त्याची पद्धत. रोबी दुसऱ्या एखाद्या संघात गेला असता, जिथे कोचला फक्त दोन उंच कॉर्नर हवे होते, तर ऑगस्टमध्ये त्याच्या दारातही तुर्क आला असता. त्याच उंचीचा, त्याच गुणांचा तोच माणूस.

अर्थात आत ठेवला म्हणून सुटका नाही. बफेलोच्याच गटात न्यू इंग्लंडचा संघ, त्यांच्याकडे रॉब ग्रोन्कोवस्की, ६ फूट ६ इंच. वर्षातून दोनदा गाठ पडणारच. समोरचा कोच मूर्ख नसतो. तो मुद्दाम आपला सगळ्यात आडदांड गडी तुमच्या सगळ्यात छोट्या माणसासमोर आणून उभा करतो. शिवाय आतल्या कॉर्नरला धावणाऱ्या गड्यालाही पाडावं लागतं. जो बुटका कॉर्नर अंगावर घ्यायला कचरतो, त्याला ही जागा नाही.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती कोणी मोठ्याने बोलत नाही. ५३ जणांत कॉर्नरबॅक असतात साधारण पाच-सहा. वरचे दोन-तीन वरच्या फेऱ्यांत निवडलेले, त्यांच्यावर पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही लागलेली. त्यांना काढणं म्हणजे आपली निवड चुकली अशी कबुली देणं. ती देणार कोण? चौथ्या फेरीतल्या मुलाने दोन झेल सोडले तर "शिकतोय" म्हणतात. ड्राफ्टबाहेरच्या मुलाने सोडले तर त्याला शिकायला दुसरा दिवसच मिळत नाही. सरावातही असंच. पहिल्या फळीला जास्त वेळा मैदानात उतरवतात, शेवटच्याला चार-दोन खेळी. त्या चार-दोन खेळींमध्ये त्याने आपली योग्यता सिद्ध करायची. वर्गात ज्याला प्रश्नच विचारला नाही त्याला "हा बोलत नाही" असा शेरा मारण्यासारखं आहे हे.

म्हणजे खरी चढाओढ उरलेल्या एक-दोन जागांसाठी, पाच-सहा जणांत. आणि त्या जागेवरचा माणूस निवडताना कोच कॉर्नरबॅक म्हणून त्याच्याकडे नंतर बघतो. आधी बघतो तो पंट आणि किकऑफच्या वेळी काय करतो ते. चेंडू लांब मारल्यावर ४०-५० यार्ड जिवाच्या आकांताने पळत जाऊन समोरच्याला पाडणं, हे काम तारे करत नाहीत. पाचवा-सहावा कॉर्नर ते करणार असेल तरच त्याला ठेवायचं कारण आहे. बफेलोला तर या कामाची परंपराच आहे. स्टीव्ह टास्कर हा ५ फूट ९ इंचांचा गडी मुख्यतः याच कामाच्या जोरावर सात वेळा प्रो बोलला निवडला गेला होता. बुटक्या नवख्याला कोणी खरा सल्ला द्यायचा झाला तर मी म्हणेन, उंच रिसीव्हरला अडवण्याची स्वप्नं नंतर बघ, आधी पंटच्या मागे पळायला शीक.

तिसरी गोष्ट नशिबाची. बफेलोचा पहिल्या फेरीतला उंच कॉर्नर स्टीफन गिलमोर २०१३ च्या पूर्वतयारीच्या सामन्यांतच मनगट मोडून बसला आणि हंगामाच्या सुरुवातीचे सामने त्याला मुकावे लागले. दुसऱ्याच्या हाडामुळे आपल्याला दार उघडावं, हे बोलायला बरं वाटत नाही. पण शिबिरातला प्रत्येक नवखा हे मनात जाणतो. गिलमोर पुढे मोठा झाला, २०१९ चा सर्वोत्तम बचावपटू ठरला; त्याचं काही बिघडलं नाही. रोबीला मात्र त्या काही आठवड्यांत मैदानातली मिनिटं मिळाली, जी शिबिरात मिळाली नसती.

आता मला ज्या गोष्टीचा राग येतो त्याबद्दल. बुटक्या कॉर्नरची गोष्ट निघाली की लोक डॅरेल ग्रीनचं नाव घेतात. उंची ५ फूट ८-९ इंच, वॉशिंग्टनसाठी २० हंगाम, २००८ मध्ये हॉल ऑफ फेम. सगळं खरं. पण ग्रीन १९८३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला होता, आणि लीगमधल्या सगळ्यात वेगवान माणसांत त्याची गणना होत होती. त्याच्याकडे उंची नव्हती, पण तिची भरपाई करणारी, मोजता येणारी, दुर्मिळ गोष्ट होती. नाहीतर माल्कम बटलरचं नाव घेतात. चिकनच्या दुकानात काम केलेला, ड्राफ्टबाहेरचा, आणि फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये गोल रेषेवर चेंडू हिसकावून न्यू इंग्लंडला जिंकून देणारा. गोष्ट अप्रतिम आहे. पण बटलर ५ फूट ११ इंचांचा. त्या तीन इंचांना त्या खेळात केवढी किंमत आहे हे वर लिहिलंच आहे. त्याला बुटक्यांच्या यादीत घुसडायचं आणि ती यादी बावीस वर्षांच्या पोरापुढे धरायची, ही हकीकत नव्हे, फसवणूक आहे. जे १,१८४ घरी गेले त्यांच्यावर कोणी चित्रपट काढत नाही, म्हणून त्यांच्याकडे काळीज नव्हतं असा अर्थ होतो का? "काळीज मोठं पाहिजे" या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तोच आहे. टिकलास तर काळीज मोठं. गेलास तर लहान होतं. काढलेल्या मुलाच्या खांद्यावर हे ओझं कशाला? त्याच्या संघाकडे पाचव्या कॉर्नरची जागा नव्हती, एवढंच कदाचित खरं असेल.

आणि मोजपट्टीवाल्यांचंही मला पटत नाही. उंचीमुळे बाहेरच्या जागेसाठी नको म्हणा, मान्य. पण २५४ नावं पुकारताना, अँड्र्यू लकला भर सामन्यात लुटणारा पोरगा आतल्या जागेसाठी एकालाही दिसू नये? त्यांनी त्याच्याकडे न बघण्यासाठी आकडा वापरला. बघण्यासाठी वापरला असता तर आकड्याने हेही सांगितलं असतं की कुठे ठेवला तर चालेल.

रोबी-कोलमनची पुढची कहाणीही सरळ नाही. चार हंगामांनंतर, २०१७ मध्ये बफेलोने त्याला सोडलं, लॉस एंजेलिस रॅम्सने घेतलं. आणि २० जानेवारी २०१९ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ती खेळी झाली. उपांत्य सामना, २०-२० बरोबरी, दोन मिनिटांहून कमी वेळ शिल्लक. सेंट्सच्या ड्रू ब्रीजने चेंडू टाकला आणि चेंडू पोचायच्या आधीच रोबी-कोलमन रिसीव्हरवर धडकला. उघड नियमभंग. पंचाने झेंडा टाकलाच नाही. रॅम्स जादा वेळेत २६-२३ असे जिंकले आणि सुपर बोलला गेले. आपण आधीच पोचलो होतो हे त्याने सामना संपल्यावर स्वतःच मान्य केलं. लीगने त्याला त्या धडकेसाठी दंड केला. आणि एवढा गहजब झाला की पुढच्या हंगामासाठी असे निर्णय चित्रफितीवर तपासायचा नियमच आला. तो एका वर्षात गुंडाळलाही गेला.

न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचं नाव आजही शिवीसारखं घेतलं जात असेल. मला त्या खेळीत वेगळंच दिसतं. ज्याच्यावर तो धडकला तो रिसीव्हर टॉमीली लुईस. उंची ५ फूट ७ इंच. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये त्याचंही नाव कोणी पुकारलं नव्हतं. तोही उन्हाळी शिबिरातून, जागा मिळवून आलेला. सुपर बोलचं दार कोणासाठी उघडायचं हे ठरवणाऱ्या त्या क्षणी, त्या प्रचंड मैदानात, चेंडूखाली दोनच माणसं होती. दोन्ही बुटकी, दोन्ही न पुकारलेली.

भाच्याने परवा पुन्हा एका नवख्या कॉर्नरचं नाव पाठवलं. "उंची कमी आहे खाला, पण कमाल खेळतो." मी त्याला विचारलं, त्या संघात आतल्या जागेवर कोण आहे, आणि हा पंटच्या मागे पळतो का. अजून उत्तर आलेलं नाही.